गुलाबी औषधाचा वास

वेलदोडा कुटला, की मला अंगात बारीक ताप भरल्यासारखं वाटतं. घरात सण असतो, पातेल्यात बासुंदी आटत असते, खलबत्त्यात चार वेलदोडे पडतात, पहिल्याच ठोक्याला टरफल फुटून तो गोडसर, गार वास नाकाशी येतो; आणि बाकीचे सगळे बासुंदीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असताना मी मात्र वाईच्या गणपती आळीतल्या एका दवाखान्याच्या लाकडी बाकावर जाऊन पोचते. पाय जमिनीला न टेकणारी. आईच्या पदरात अर्धी गुंडाळलेली. बाहेर पाऊस, घाटावर कृष्णा तांबूस झालेली, आणि आतल्या अर्ध्या झुलत्या दारामागून येणारा तोच वास, स्पिरिटात भिजलेल्या वेलदोड्याचा.

तो वास गुलाबी औषधाचा होता. आम्ही सगळे त्याला गुलाबी औषधच म्हणायचो. पोट दुखलं की ते मिळायचंच, पण तापाच्या, खोकल्याच्या कडू मिश्रणातही त्याचे काही थेंब पडायचे, पोरांच्या गळ्याखाली ते उतरावं म्हणून. वेलदोडा, शहाजिरं आणि दालचिनी स्पिरिटात मुरवून काढलेला तो अर्क, आणि त्याचा लालस रंग कोचिनील नावाच्या किड्यापासून आलेला, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावर गंमत नाही, भरून आलं. म्हणजे दवाखान्यात गेल्यावर भीती वाटायची ती सुईची; वास तर आपल्याच स्वयंपाकघरातल्या मसाल्याच्या डब्याचा होता. घर सोडून आपण फार लांब आलेलोच नसायचो.

बाटली आपली आपण न्यायची. दाराशी काळा फळा टांगलेला असे आणि त्याच्या तळाला, कधीही न पुसलेल्या अक्षरांत लिहिलेलं असे: औषधासाठी स्वच्छ बाटली आणावी. आई बाटली राखेने घासून, उन्हात पालथी घालून ठेवायची. कंपाउंडरकाका ती खिडकीतून आत घेत, उजेडाकडे धरून बघत, मग मोठ्या बरण्यांतून थोडं ह्यातलं, थोडं त्यातलं ओतून वर पाणी घालत आणि बूच लावून अशी हलवत, की गुलाबी फेस काचेला चिकटून सावकाश खाली उतरे. मग कागदाची पट्टी. घडी घालून कात्रीने दोन्ही कडांना खाचा पाडलेली, खळीने बाटलीवर डकवलेली. एक खाच म्हणजे एक डोस. दिवसातून तीन. घरी आल्यावर मी त्या पट्टीकडे बघत पडून राहायची. औषध एकेका खाचेने खाली उतरे, तसा ताप उतरे. आजारपण मोजायचं इतकं देखणं माप मला पुढे कुठे भेटलं नाही.

आणि डॉक्टर. त्यांच्याबद्दल लिहिताना हात जरा थांबतो. नळी छातीला लावायच्या आधी ते तिचं टोक तळहातात घट्ट धरून ऊब देत, मगच टेकवत. एवढंच आठवतं आणि एवढं पुरतं. आ कर, जीभ बघू, झोप लागते का, शाळेत कितवी आलीस. हे सगळे प्रश्न एकाच सुरात येत, त्यातला औषधाचा कुठला आणि मायेचा कुठला हे वेगळं काढता येत नसे. आजीचा दमा, बाबांचं पित्त, आईचं माझ्या वेळचं बाळंतपण, सगळं त्यांना तोंडपाठ. कागद काढावा लागत नसे.

रात्री-अपरात्री व्हिजिटला यायचे तेव्हा बाबा त्यांची बॅग हातात घेऊन पुढे चालत. डॉक्टरांनी स्वतः बॅग उचलायची नाही, हा घरोघरचा रिवाज. आई गरम पाण्याचं घंगाळ, साबणाची नवी वडी आणि घडीचा पंचा दाराशी ठेवी. त्या नव्या साबणाचा वास आला की आजी उशीवरूनच म्हणायची, "आले का? आता बरं वाटेल." अजून नाडीला हातही लागलेला नसे.

आपल्या हाताबाहेरचं काय, हेही त्यांना नेमकं ठाऊक होतं. मग ते चिठ्ठी देत. ऑपरेशन असलं तर मिरजेला, 1894 पासून चालत आलेल्या वानलेस रुग्णालयाकडे. छातीचं दुखणं असलं तर पसरणीचा घाट चढून पाचगणीला, बेल-एअर रुग्णालयात. घडी घातलेला तो कागद माणसं कुलदैवताच्या अंगाऱ्यासारखा आतल्या खिशात जपून नेत. परत आलेला माणूस आधी दवाखान्यात येई, मग घरी.

फळ्याचं मात्र सांगायचं राहिलं. तळाची ओळ सोडली तर वरचं सगळं रोज बदलायचं. डॉक्टर उद्या बाहेरगावी. पाणी उकळून प्यावे. गोवराची साथ आहे, पोरांना एकमेकांच्या घरी पाठवू नये. आमच्या आळीचं वर्तमानपत्रच ते. 1975 साली त्याच्यावर लिहिलेलं होतं, देवीचा रोगी कळवणाऱ्यास सरकारकडून 1000 रुपये. गावातल्या भिंतींवरही तेच रंगवलेलं. मी आणि माझी मैत्रीण कितीतरी दिवस बाजाराला आलेल्या माणसांचे चेहरे निरखत फिरलो. रोगी सापडला नाही. तो कुणालाच सापडला नाही, कारण त्याच वर्षीच्या मे महिन्यानंतर देशात देवीची लागण कुणाला झालीच नाही. आईच्या दंडावरचे देवी टोचल्याचे ते गोल, चुरगळलेले वण मी झोपताना बोटाने चाचपत असे. माझ्या मुलीच्या दंडावर तसा वण नाही.

ती मैत्रीण एका पायाला लोखंडी पट्ट्या बांधून चालायची. पोलिओ. दीड वर्षाची असताना ताप आला आणि उतरला तो पायातली ताकद घेऊनच. दवाखान्यात आली की डॉक्टर तिच्या पायाकडे बघत आणि थोडा वेळ काही बोलत नसत. 1995 मध्ये पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते, तरी ते बूथवर सकाळपासून बसत, दोन थेंब घालत आणि प्रत्येक पोराच्या करंगळीला स्वतः शाई लावत.

2014 च्या मार्चअखेरीस मी वाईला गेले होते. दवाखाना आता त्यांची सून चालवते. उकळत्या सुयांची खुळखुळ नाही, बरण्या नाहीत, औषध पट्टीतल्या गोळ्यांचं. वासही गेलेला. डॉक्टर दाराशी खुर्ची टाकून बसले होते, गुडघ्यावर शाल. फळ्यावर थरथरत्या पण ओळखीच्या अक्षरात एकच ओळ होती: आपला देश पोलिओमुक्त झाला. हावड्यातली ती छोटी मुलगी, 13 जानेवारी 2011, तिच्यानंतर एकही नाही. हे त्यांनी मला बोट वर करून सांगितलं, जणू ती त्यांचीच पेशंट होती. "सुनेला सांगितलंय," म्हणाले, "आठ दिवस पुसायचं नाही." मग माझा हात हातात घेऊन सवयीने नाडीवर बोटं ठेवली. मी तशीच उभी राहिले.

ते आता नाहीत. फळा आहे. यंदा गेले तेव्हा त्याच्यावर सूनबाईंच्या हातचं, नीट ओळी आखून लिहिलेलं होतं: गुरुवारी सकाळी दहा ते बारा बाळांना लस टोचली जाईल. येताना कार्ड आणावे.