रविवारच्या आधीचा शनिवार

महिन्याचा पहिला रविवार आमच्या देवळात प्रभुभोजनाचा. आई गेल्यापासून त्या रविवारापेक्षा आदल्या दिवसाची संध्याकाळ मला जड जाते. त्या संध्याकाळी आई डोक्यावर पदर घ्यायची, "येते जाऊन" म्हणायची आणि महिनाभरात जिच्याशी वाकडं आलं असेल तिच्या दारी जायची.

अमेरिकन मराठी मिशन १८३१ मध्ये नगरला आलं. त्यानंतर भोवतालच्या खेड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांतली आमची एक. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, पाळक येत-जात राहिले. पण रेव्हरंड टिळकांची पदं पेटी-टाळांवर म्हणायची रीत टिकली. आईला त्यांतली कित्येक पाठ होती. धर्मावर बोलायला मात्र ती कधी उभी राहिली नाही. वेदीपाशी दान आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी समेट करावा, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो. "त्यात चूक कोणाची हे विचारलेलंच नाही," आई म्हणायची, आणि निघायची.

रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' तिच्या उशाशी असे. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या ताटातुटीची पानं ती पुन्हा पुन्हा वाचायची. त्या दोघांचं पुन्हा एका घरात येणं तिला फार मोठं वाटे.

आमच्या घरातला वाद होता सामाईक विहिरीवरच्या पाळीचा. वीज रात्री यायची, ऊस वाळायचा आणि काका मोटर आधी चालू करायचे. आई आणि काकू बांधावर कडाकडा भांडत. आई मोठी जाऊ. तिनं पायरी उतरून धाकटीकडं जावं, हे आजीलाही पटत नसे. आई तरी जायची, तीही रिकाम्या हातानं. काही घेऊन गेलं की देणं-घेणं होतं, असं तिचं म्हणणं. ओसरीवर बसून म्हणायची, "पाणी दे गं." काकू तांब्या आणायची. आई घोटभर प्यायची, पोरांची चौकशी करायची, उठायची.

सोमवारी पाळीचं भांडण पुन्हा उभं राही. आईनं हक्काचं पाणी कधी सोडलं नाही. माफ करणं म्हणजे आपलं म्हणणं गिळणं, असं तिनं कधी मानलं नाही. तो वाद मिटायला बरीच वर्षं लागली. पण त्या सगळ्या वर्षांत दोन्ही घरांचं बोलणं महिन्याच्या वर कधी बंद राहिलं नाही.

शेवटी पक्षाघातानं तिची वाचा गेली. पाळक प्रभुभोजन घेऊन घरी येणार होते. आदल्या दिवशी दुपारपासून ती अस्वस्थ; नजर सारखी दाराकडं. आम्हाला काही कळेना. काकू आली, तिला बघताक्षणी समजलं. उशाशी बसून म्हणाली, "अक्का, आपलं काही राहिलं नाही." मग चमच्यानं पाणी पाजलं. आई निवांत झाली. पुढच्या रविवारच्या आत ती गेली.

तिच्या मातीला सगळा गाव आला. सांत्वनाला आलेल्यांनी तिची भक्ती वाखाणली, पदं आठवली. मला मात्र तिची सर्वांत मोठी उणीव नंतर भासली. आता आम्हा भावंडांत कोण कोणाशी किती दिवस बोललं नाही, याचा हिशेब ठेवणारं कोणी नाही. अबोला हवा तितका लांबवता येतो, तरी दुसऱ्या दिवशी प्रभूची भाकर हातात घेता येते. आईच्या घरात ही सोय नव्हती.

रागावलेल्या माणसाच्या दारापर्यंत चालत जाण्याइतका साधा तिचा विश्वास होता, आणि तो अवघड होता तोही तेवढ्याचसाठी. मन निवळेल तेव्हा जाऊ, असं म्हणून ती थांबली नाही. आधी पाऊल टाकायची, मन मागून यायचं.

येत्या शनिवारी मी दादाकडं जाणार आहे. घराच्या वाटणीबद्दल माझं म्हणणं बदललेलं नाही, त्याचंही बदललं नसेल. तरीही जाणार आहे, रिकाम्या हातानं.