पाइप आधी, फिल्टर नंतर

फिशटँकमधले मासे वाढले, पाणी गढूळ दिसू लागलं, की बहुतेक जण मोठा कॅनिस्टर फिल्टर आणतात आणि जुन्याच पाइपला जोडून मोकळे होतात. पाइप धड असतो, कॅबिनेटला पाडलेली भोकं त्याच मापाची असतात, आणि मध्ये एक रिड्यूसर बसवला की काम भागतं. माझ्या मते वाढीव पैसे वाया जातात ते इथेच. खोक्यावर छापलेला ताशी 1000 लिटरचा आकडा सहसा आत स्पंज, सिरॅमिक रिंग काही नसतानाचा असतो. प्रत्यक्ष टँकमध्ये त्यातलं किती उतरतं, यात पाइपचा वाटा मोठा असतो. 12 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पाइपातून ताशी 1000 लिटर न्यायचे तर पाणी सेकंदाला जवळपास अडीच मीटर धावायला हवं. 16 मिलिमीटरमधून 1.4 मीटर पुरतात. इतक्या वेगाला पाणी घुसळतच वाहतं, आणि अशा प्रवाहात घर्षण व्यासाच्या साधारण पाचव्या घाताने वाढतं किंवा घटतं. त्यामुळे 4 मिलिमीटरच्या फरकाने ते चौपट होतं. जाता-येता मिळून 3 मीटर पाइप धरा. बारीक पाइपात पावणेदोन मीटर उंच पाण्याइतका दाब नुसता घासण्यातच जातो, जाड पाइपात अर्ध्या मीटरहून कमी. घरगुती कॅनिस्टरच्या पंपाची एकूण ताकदच दीड-दोन मीटरच्या आसपास असते. मग 1000 लिटर येणार कुठून?

यावर काहींचं म्हणणं असतं की टँक उंचावर आहे, जोर पाणी चढवण्यात जातो, पाइपला कशाला दोष? पण कॅनिस्टरचा मार्ग बंद असतो. खाली उतरणारं पाणी वर चढणाऱ्याला तोलून धरतं. एकदा हवा निघून पाणी भरलं की उंचीचा प्रश्न जवळपास संपतो आणि पंपाशी झगडायला उरतं ते घर्षण. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आयहाइमच्या क्लासिक 2217 ला कंपनीच पाणी ओढायला 16/22 चा (आतला/बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये) आणि सोडायला 12/16 चा पाइप देते, मग बारीक पाइप वाईट कसा? इथे बाजू बघायला हवी. ओढणारा पाइप अरुंद झाला की इम्पेलरपाशी दाब पडतो, पाण्यात विरघळलेली हवा बुडबुडे होऊन सुटते आणि फिल्टर रात्रभर खडखडत राहतो. सोडणारा अरुंद असेल तर फक्त प्रवाह कमी होतो. तेव्हा रिड्यूसर लावायचाच झाला तर परतीच्या बाजूला लावावा, ओढण्याच्या बाजूला कधीही नाही. फायटरसारख्या माशाला जोराचा प्रवाह सोसत नाही हे खरं, पण त्यासाठी परतीचा कॉक अर्धा फिरवता येतो किंवा स्प्रे बार लावता येतो. बारीक पाइप पुन्हा मोठा करता येत नाही.

मापाचा घोळ मात्र खरा त्रासदायक. क्रॉफर्ड मार्केटात जाऊन ‘सोळाचा पाइप द्या’ म्हटलं तर 12/16 मिळेल की 16/22, हे विक्रेत्याच्या सवयीवर अवलंबून. पहिल्यात 16 हा बाहेरचा व्यास, दुसऱ्यात आतला. हार्डवेअरच्या दुकानात मापं इंचांत. तिथला अर्ध्या इंची पाइप आतून 12.7 मिलिमीटर, म्हणजे 12 च्या तोंडावर ढिला, आणि क्लिप कितीही आवळली तरी एखाद्या रात्री थेंब गळायला लागतोच. पाच अष्टमांश इंच मात्र 15.9 भरतो आणि 16 वर नीट बसतो. काचेच्या लिली पाइपला हाच नियम: 12/16 ला 13 चा, 16/22 ला 17 चा.

खरेदीला निघण्याआधी जुन्या पाइपच्या आत डोकवावं. तिथे तपकिरी, बुळबुळीत थर असतो. तो चहूबाजूंनी 1 मिलिमीटर जरी चढला, तरी 12 चा पाइप 10 चा होतो आणि त्याच हिशेबाने घर्षण सुमारे अडीचपट. परतीच्या पाइपचं तोंड टँकमधल्या पाण्याच्या पातळीला धरून 10 लिटरची बादली भरावी (तोंड खाली गेलं तर सायफन आकडा फुगवतो). मिनिटात भरली तर ताशी 600 लिटर. मग लांब ब्रश फिरवून पुन्हा मोजावं. दुसऱ्या खेपेला बादली बरीच लवकर भरली, तर नवा फिल्टर तूर्त दुकानातच राहू द्यावा.