पाय टेकला तरच टिंब

चेन्नई, ५ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबांस, साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. सामान टाकलं आणि आधी परंगीमलै गाठली, म्हणजे सेंट थॉमस माउंट. १८०२ साली विल्यम लॅम्बटनने इथून सुमारे बारा किलोमीटर जमीन शंभर फुटी पोलादी साखळीने मोजली. उन्हाने साखळी लांबते, म्हणून ती लाकडी पेट्यांत ठेवायची, सोबत तापमापक लावायचा आणि लांबीतला तो फरक हिशेबात धरायचा. ही एक बाजू पक्की झाली की पुढे मुख्यतः कोन मोजायचे. त्रिकोणाला त्रिकोण जोडत मोजणी हिमालयापर्यंत गेली. ज्या नकाशावर तुम्ही मला लाल टिंबं काढायला शिकवलंत, त्याची सुरुवात इथली. डोंगरावरून आता विमानतळ दिसतो. साखळी कुठून गेली असेल ते बोटाने आखत मी अर्धा तास बसले होते.

हिंगणघाट, ७ फेब्रुवारी

बाबा, आज इथं पाय टेकला! आपण नागपूरला राहत होतो, मद्रासला निघालो होतो आणि खिडकीतून हिंगणघाटची पाटी वाचून मी टिंब मागितलं होतं. तुम्ही म्हणालात, पाय टेकला तरच टिंब. मी बल्लारशापर्यंत रुसले होते.

लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर असताना २० जानेवारी १८२३ ला या गावी वारला. विचारत विचारत त्याच्या कबरीपाशी गेले. मला त्याची तंजावरची गोष्ट आठवत होती. १८०८ मध्ये, सरफोजीराजांच्या काळात, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, तिथल्या मंदिरावर चढवताना दोर तुटला. यंत्र भिंतीवर आदळलं, त्याचं चक्र वाकलं. हा माणूस तंबूत शिरला आणि सहा आठवडे खपून ते चक्र त्याने पुन्हा गोल केलं. कबरीवर वाहायला फुलं नेली होती. हे टिंब तुम्हीच काढा, आजच.

मसुरी, १२ फेब्रुवारी

देहरादूनला सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय बाहेरून पाहिलं. पण इथं आल्यापासून डोक्यात आहेत ते नैनसिंह रावत. जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे शाळामास्तर. इंग्रजांना तिबेटात प्रवेश नव्हता, म्हणून देहरादूनला मोजणी शिकून हे वेश पालटून गेले आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचले. दोन हजार पावलांचा एक मैल, अशी चाल त्यांनी अंगी बाणवली होती. हातात जपमाळ, पण १०८ ऐवजी १०० मण्यांची: शंभर पावलांना एक मणी, पूर्ण माळेला पाच मैल. टिपणं प्रार्थनाचक्रात लपवलेली. लॅम्बटनचे कोन उंचावरून मोजलेले. ल्हासाची वाट मात्र पावलापावलाने नकाशावर आली. म्हणून मला ती जास्त जवळची वाटते. तुमचा नियमही तोच की!

आईची माळ मी मुद्दाम आणली आहे. शंभराव्या मण्यापाशी लाल दोरा बांधला. सकाळी लायब्ररी चौकातून हाथीपांवकडे, लॅम्बटननंतर मोजणी पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टच्या घराकडे निघाले. चौथ्या मण्यावर खेचरांचा तांडा आडवा आला, वाट देताना मोजणी चुकली. मागे फिरले, चौकातून पुन्हा पहिला मणी धरला. घरापाशी पोचले तेव्हा दुपार झाली होती.

मसुरीचं टिंब माझ्यासाठी ठेवा.

तुमची लेक