दोन हजारांचा हप्ता

याची अंगकाठी ठरलेली. वावर दीड एकराचं असो की दहा एकरांचं, हा दोन हजारांच्या वर रुपयाभरही वाढत नाही. 2020च्या कोरोना साथीत अमेरिकेच्या सरकारनेही शेतकऱ्यांना पैसे दिले, पण तिथे पीक आणि जनावरं मोजून. ज्याचा पसारा मोठा, त्याचा चेकही मोठा. आपल्या हप्त्याला मोजमाप ठाऊक नाही. हा त्याचा गुण म्हणायचा की आळस, यावर वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या पानठेल्यावर दोन तट पडतील.

जन्म 24 फेब्रुवारी 2019चा, गोरखपूरचा. पाळण्यातलं नाव भारदस्त, पंतप्रधान किसान सन्मान निधी. पण एवढं कोण म्हणतो? "आले का जी दोन हजार?" एवढ्यावर काम भागतं.

एप्रिल 2020मध्ये तो घाईघाईने आला. 26 मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी 1 लाख 70 हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात 8 कोटी 70 लाख शेतकऱ्यांच्या नावाने याचीही वर्णी लागली. खरं तर एप्रिल ते जुलैच्या दरम्यान तो येणारच होता. घरच्याच माणसाला वेशीवरून वाजतगाजत आणावं, तसला प्रकार.

वर्धा जिल्हा 1 मेच्या यादीत हिरव्या झोनमध्ये होता. रोग नव्हता, टाळेबंदी मात्र होती. कापसाचा हमीभाव 5,550 रुपये, पण खरेदी केंद्रं बंद पडलेली. कापूस घराघरांत तसाच पडून. उन्हाळ्यात त्याच्या शेजारी झोपायचं म्हणजे रात्रभर अंग खाजवायचं. अशा वेळी मोबाइल वाजला आणि हप्ता दाखल झाला.

त्याला हातात घेणंही सोपं नव्हतं. जनधनवाल्या बायांचे पाचशे रुपयेही त्याच आठवड्यात आलेले, त्यांना खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे वार नेमून दिलेले. बँकेसमोर चुन्याचे गोल. ग्राहक सेवा केंद्रावर म्हाताऱ्याचा अंगठा यंत्र घेईना. निंदणं-खुरपणं करून रेषाच झिजलेल्या. अंगठा धोतराला पुसायचा, पुन्हा टेकवायचा. चौथ्या खेपेला यंत्र एकदाचं मानलं.

2020च्या खरिपात दोन हजारांत काय येत होतं? बीटी सरकीचं पाकीट 730चं. एकराला दोन पाकिटं म्हणजे 1,460, त्यावर 266ची युरियाची एक गोणी. उरले पावणेतीनशे. मजुरी, फवारणी, डिझेल यांच्याकडे हप्ता बघतही नाही.

आणि माणसांची ओळख तर त्याला बिलकूल नाही. तो फक्त सातबारा वाचतो. सिंदी मेघे वर्ध्याला खेटून वाढलेलं. वावरांचे लेआउट झाले, उरलेल्या जमिनीचे मालक कितीतरी ठिकाणी दुसरंच काही करतात. मक्त्याने वाहणाऱ्याने नांगरायचं, पेरायचं, घरात कापूस त्यानेच सांभाळायचा. 'टिंग' वाजणार मालकाच्या खिशात. याला मदत म्हणणाऱ्यांनी ती नेमकी कोणाला पोचली, ते या मक्तेदाराला विचारावं. मालक भला असला तर पाच-पन्नास टेकवतो. भला नसला तर मक्ता वेळेवर मागतो.

पुढचा हप्ता ऑगस्टमध्ये आला, त्यापुढचा डिसेंबरात. वर्षाची बेरीज सहा हजार, साथ नसती तरी तेवढीच झाली असती.