मीठ-पाण्याच्या खेळाला पैसे कशाला?

परवा टपरीवर संशोधनाच्या खर्चाचा विषय निघाला. एक दादा म्हणाले, "मास्तर, समुद्राचा अभ्यास म्हणे टाकीत मीठ-पाणी ओतून करतात. ह्याला पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे, पैसा आपलाच आहे. म्हणून लिहितो.

आधी घरी करून बघा. काचेच्या उभट ग्लासात फ्रिजमधलं गार पाणी अर्धं भरा. लिटरभर चांगल्या गरम पाण्यात छोटा चमचाभर मीठ आणि खायचा रंग घाला. त्यातलं थोडं पाणी चमच्याच्या पाठीवरून अगदी हळू गार पाण्यावर सोडा. गरम म्हणून ते वर तरंगतं. जरा वेळानं त्यातून रंगाच्या बारीक दोऱ्या खाली उतरायला लागतात, शेवयांसारख्या. शास्त्रज्ञ ह्यांना 'मिठाची बोटं' म्हणतात.

गंमत अशी, की पाण्यात उष्णता मिठापेक्षा साधारण शंभरपट वेगानं पसरते. खाली सरकलेली दोरी शेजारच्या पाण्याला उष्णता देऊन टाकते, मीठ मात्र तिच्याकडेच राहतं. गार झाली आणि खारटच राहिली, म्हणजे जड झाली. मग ती आणखी खाली जाते.

१८५७ मध्ये जेव्हन्सनं (हो, तोच, पुढे अर्थशास्त्रज्ञ म्हणून गाजलेला) ढगांच्या आकाराचा शोध घेताना अशी बोटं भांड्यात पाहिली होती. समुद्राशी त्याचा संबंध जोडायला १९५६ उजाडलं. हेन्री स्टोमेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की खोल समुद्रात लांब नळी सोडली आणि एकदा पाणी चढवलं, तर ते आपोआप वर येत राहील. त्यांनी स्वतःच ह्याला एक चमत्कारिक गोष्ट म्हटलं होतं! १९६० मध्ये मेल्विन स्टर्न म्हणाले, नळीची गरजच नाही, पाणी स्वतःच बोटं तयार करतं. पुढे स्टुअर्ट टर्नर यांनी प्रयोगशाळेत ह्याची मोजमापं केली. १९८५ मध्ये बार्बाडोसच्या पूर्वेला खऱ्या समुद्रातही पाण्याचे पायऱ्यांसारखे थर सविस्तर मोजले गेले, ह्याच बोटांची करणी.

आता आपल्याकडे या. अरबी समुद्रातून वाफ जास्त उडते, म्हणून वरचं पाणी खारट. बंगालच्या उपसागरात गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वर पसरतं, तिथली तऱ्हा वेगळी. उष्णता वर किती राहते आणि खाली किती जाते, ह्याच्याशी पाऊस आणि चक्रीवादळं जोडलेली आहेत. अंदाज बांधणाऱ्या संगणकाचा एकेक चौकोन कित्येक किलोमीटरचा, आणि बोट असतं काही सेंटिमीटरचं. संगणकाला ते दिसणारच नाही. मिसळण्याचा आकडा मोजूनच द्यावा लागतो, टाकीत आणि समुद्रात. मासेमारीला जाणाऱ्याला वादळाचा इशारा मिळतो, त्यामागे असलीही कामं असतात.

आणि खर्चाचं म्हणाल, तर आमच्याच भागातल्या एका शाळेत प्रयोगशाळेला वर्षभर कुलूप आहे. बीकर अजून कागदात गुंडाळलेले. पालकांनो, पुढच्या सभेत चावी कुणाकडे आहे तेवढं विचारा. मीठ आणि रंग मी घेऊन येतो.