उपवास न सोसणारा जीव

आपल्या घरांत उपवासाचे कौतुक बालपणापासूनच होते. नातवंडाने पहिला उपवास केला की पारण्याला सारे नातलग जमतात. अठ्ठाई करणाऱ्या सुनेची विचारपूस करायला गल्लीतली माणसे येऊन जातात. न खाण्यात तप आहे, हे आपल्या इतके अंगवळणी पडलेले असते की, एक दिवस न खाल्ल्याने मृत्यूच्या दारी पोहोचणारा जीवही असतो, हे सहसा ध्यानी येत नाही. गेल्या पर्युषणात असा एक जीव आमच्या घरात होता.

धवल हा आमचा पाळीव ससा. नात तिसरीत असताना तो आला. पुढे ती शिक्षणासाठी पुण्याला गेली आणि तो इंदापूरला आमच्याकडे राहिला. तेव्हा त्याचे वय नऊ वर्षांचे होते. पाळीव ससा साधारणपणे आठ ते दहा वर्षे जगतो, म्हणजे माणसाच्या हिशोबाने तो माझ्या सासूबाईंच्या पंक्तीतला. (कडबनवाडीच्या माळावर दिसतो तो रानससा निराळा. त्याची पिल्ले अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात, आणि 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण असल्यामुळे तो पकडता वा पाळता येत नाही. पाळीव सशाचे मूळ युरोपातले.)

चातुर्मासात आमच्याकडे पालेभाजी येत नाही. भाजीवालीला ते ठाऊक असल्याने ती त्या चार महिन्यांत मेथी-कोथिंबिरीची एकच लहान जुडी बाजूला ठेवी आणि ‘ही तुमच्या धवलची’ म्हणून देई. गाजर मात्र त्याला कधीच मिळाले नाही, कारण कंदमूळ घरात येतच नाही. मुलांच्या पुस्तकांतला प्रत्येक ससा गाजर खात असतो, म्हणून नात लहानपणी रुसायची. पुढे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले की गाजर गोड असते, सशाला ते रोज देऊच नये. त्याचे खरे अन्न सुके गवत. सासूबाईंना हे ऐकून झालेला आनंद लपत नव्हता.

पर्युषणाच्या चौथ्या दिवशी सकाळी धवलने कोथिंबीर हुंगली आणि तोंड फिरवले. दुपारपर्यंत त्याच्या कोपऱ्यात एकही लेंडी दिसली नाही. अंग आखडून तो शहाबादी फरशीवर बसून होता आणि दात करकरल्यासारखा बारीक आवाज येत होता. कुत्रे विव्हळते, गाय हंबरते; ससा मात्र दुखणे लपवतो. ज्याची सदैव शिकार होत आली, त्याला आपले दुबळेपण दाखवणे परवडत नाही.

आमचा भाग दुधाचा. इंदापूर-बारामतीत गाय अडली तर मध्यरात्री धावून येणारे पशुवैद्य आहेत, लाळ-खुरकुताच्या लसी गोठ्यापर्यंत पोहोचतात, 1962 या क्रमांकावर फिरते पथक बोलावता येते. शेजारच्या सातारा जिल्ह्यात शिरवळला 1988 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण दीड-दोन किलोच्या म्हाताऱ्या सशाचे तोंड उघडून दाढ पाहायची, तर त्यासाठी लागणारी हत्यारे आणि सराव तालुक्याच्या गावी कुठून असणार? गावातल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे तसे सांगितले. पोट चाचपून त्यांनी त्वचेखाली सलाईन दिले आणि ‘वाट पाहू नका, याला पुढे न्या’ म्हणाले. हा प्रामाणिकपणा मला मोठ्या उपचाराइतकाच मोलाचा वाटला.

औषधाच्या एका दुकानात मात्र निराळा अनुभव आला. पोट बिघडले असेल तर लहान मुलांचे अ‍ॅमॉक्सिसिलिनचे पातळ औषध थोडे पाजा, असा सल्ला काउंटरवरून मिळाला. बाटली घेण्यापूर्वी मुलाने बारामतीच्या एका डॉक्टरांना फोन लावला, आणि ते जवळजवळ ओरडलेच. सशाचे अन्न आतड्यातल्या उपकारक जिवाणूंच्या बळावर पचते. पेनिसिलिनच्या जातीची औषधे तोंडावाटे दिली की ते जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. आपल्या प्रत्येक घराच्या कपाटात ही बाटली असते, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे.

बारामतीला धवलला वेदनाशामक मिळाले, आणि पाठोपाठ पुण्याला जायचे ठरले. सून चौथ्या उपवासाची. तिने गाडीत बसू नये असे सर्वांचे मत होते, पण धवल तिच्याच मांडीवर शांत राहतो, म्हणून उकळलेल्या पाण्याची बाटली घेऊन ती निघाली. भिगवण, पाटस मागे पडेपर्यंत तिने त्याच्या कानांवरून हात काढला नाही. शस्त्रक्रियेच्या आधी कुत्र्या-मांजराला उपाशी ठेवतात तसे याला ठेवायचे नाही, हेही तिथे कळले. सशाला उलटी करताच येत नाही, आणि त्याचे आतडे रिकामे राहिले की थांबते. थांबले की आत वायू साठतो, दुखते, आणि दुखते म्हणून तो आणखी खात नाही. दहा-बारा तास सशाने काहीच खाल्ले नाही, तर सकाळची वाट पाहण्यात अर्थ नसतो.

मूळ कारण दाढांत निघाले. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि गवत चघळूनच झिजतात. उतारवयात जबडा किंचित सरकला की दाढांना टोके येतात आणि ती जिभेला, गालाला रुततात. भूल देऊन डॉक्टरांनी ती टोके घासली. लसूणघासही बंद करायला सांगितला: त्यातला चुना वाढत्या वयाच्या पिल्लाला उपयोगी, म्हाताऱ्या सशाच्या मूत्राशयात मात्र तो साचतो.

घरी परतल्यावर दर तीन-चार तासांनी सिरिंजने पातळ आहार भरवायचा होता, रात्रीसुद्धा. आमच्याकडे सूर्यास्तानंतर चूल पेटत नाही. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या, कडक चोविहार पाळणाऱ्या. त्यांना कसे सांगावे, या विचारात सून होती. त्या आपणहून म्हणाल्या, “पच्चक्खाण आपण घेतलंय. त्यानं कुठं घेतलंय?” मात्र दिवा मंद ठेवायला आणि वाटी झाकायला त्यांनी बजावले, किडामुंगी पडू नये म्हणून. रात्री दोनच्या पाळीला त्या स्वतः उठून बसत. तिसऱ्या दिवशी पहाटे चार लेंड्या दिसल्या, तेव्हा सुनेच्या पारण्याइतकाच तो सोहळा झाला.

पर्युषणाच्या व्याख्यानांत मेघकुमाराची कथा आपण दरवर्षी ऐकतो. पूर्वभवात तो मेरुप्रभ नावाचा हत्ती होता. वणव्यात सारे प्राणी त्याने साफ केलेल्या मोकळ्या जागेत दाटीने उभे राहिले. अंग खाजवायला त्याने पाय उचलला, तेवढ्यात रिकाम्या जागी एक ससा येऊन बसला. मेरुप्रभाने अडीच दिवस पाय खाली टेकवला नाही. वणवा विझला, ससा निघून गेला, आणि ताठरलेल्या पायाने हत्ती कोसळला. ही कथा ऐकताना माझे लक्ष नेहमी मेघकुमाराच्या पुढच्या जन्माकडे, श्रेणिक राजाच्या महालाकडे असे. आता ते त्या अडीच दिवसांकडे जाते. त्यातल्या दुसऱ्या रात्री हत्तीला काय वाटले असेल?

जीवदयेसाठी आपल्या समाजाने हात आखडता घेतलेला नाही. मुंबईचा पांजरापोळ 1834 चा. पारशी, जैन आणि हिंदू व्यापाऱ्यांनी तो उभा केला. ठिकठिकाणच्या महाजनांनी मालाच्या व्यवहारावर लागा बसवून अशी कामे चालवली. आजही पर्युषणात जीवदयेची टीप होते आणि आकडे मोठे असतात. माझे इतकेच म्हणणे की तो पैसा बहुतेक चारा-पाण्याकडे जातो. दोन तालुक्यांत मिळून लहान प्राण्यांसाठी एखादा शिकलेला हात आणि दाढ तपासण्याचे साधन असावे, यासाठीही टीप व्हायला हरकत नाही.

धवल त्यानंतर पाच महिने चांगला राहिला. माघात त्याचे मागचे पाय गेले. आता इथून सुधारणा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आणि अतिशय सौम्य शब्दांत कायमच्या झोपेच्या इंजेक्शनचा पर्याय मांडला. सून तत्काळ नाही म्हणाली. नात सुट्टी काढून आली होती. ती म्हणाली, “आजी, त्याला दुखतंय. मग आपण हे त्याच्यासाठी करतोय की आपल्या मनासाठी?” या प्रश्नाला उपाश्रयात मिळते ते उत्तर मला पाठ आहे: आयुष्य ज्याचे त्याचे, ते तोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण समोर तो मान टेकून पडलेला असताना ते उत्तर उच्चारायला जीभ जड झाली.

आम्ही इंजेक्शन दिले नाही. वेदनाशामकाची मात्रा डॉक्टरांनी वाढवून दिली. खाली मऊ सुती कापड, दर दोन तासांनी कूस बदलणे, कोमट पाण्याने अंग पुसणे, असे एकोणीस दिवस चालले. विसाव्या दिवशी पहाटे त्याचा श्वास लांबू लागला. सासूबाईंनी त्याच्या कानाशी नवकार म्हटला, पार्श्वकुमाराने जळत्या नागाला ऐकवला तसा. नात त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

तिचे मत आजही बदललेले नाही. शेवटचे आठ दिवस त्याला सोसावे लागायला नको होते, असे ती म्हणते, आणि पुण्याहून फोन आला की हा विषय अधूनमधून निघतो. सासूबाई तिचे सारे ऐकून घेतात, वाद घालत नाहीत.