जुन्या कैरोतील हस्तिदंती फणी

कैरोच्या मार गिरगिस मेट्रो स्थानकातून बाहेर पडताच रोमन काळातील बाबिलोन किल्ल्याचे गोल बुरूज दृष्टीस पडतात. जुने कैरो ते हेच. किल्ल्याच्या वेशीवर उभारलेल्या ‘झुलत्या चर्च’मधील आबनुसी पडद्यावर हस्तिदंताचे नाजूक जडावकाम आहे. इजिप्तच्या मूळ ख्रिस्ती समाजाला कॉप्ट म्हणतात. त्यांच्या कलेचे संग्रहालय १९०८ साली येथेच, चर्चच्या शेजारी, स्थापन झाले.

या संग्रहातील एक हस्तिदंती फणी जाणकारांत प्रसिद्ध आहे. सहाव्या शतकाच्या सुमाराची ही फणी अँटिनोए नगराजवळील देर अबू हेन्निस येथे मिळाली. मधल्या पट्टीवर एका बाजूस येशू मृत लाझरसला उठवीत आहे, आंधळ्याला दृष्टी देत आहे. दुसऱ्या बाजूस दोन देवदूतांनी धरलेल्या पर्णचक्रात एक घोडेस्वार आहे. हातात मावेल एवढ्या वस्तूवर करुणेची कथा कोरलेली आहे.

हा दात कोठून येई? अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस सहाव्या शतकातच नोंदवतो की, इथिओपियातील हत्तींचे मोठे दात जहाजांतून हिंदुस्थान, इराण आणि रोमन प्रदेशांत जात. त्याच्याच ग्रंथात आपल्या कल्याण बंदराचाही उल्लेख आहे. म्हणजे या व्यापाराचे एक टोक हिंदुस्थानच्या किनाऱ्याशी होते.

येथे जैन प्रवाशाचे मन अडखळते. उपासकदशांग सूत्रात श्रावकाला वर्ज्य अशी पंधरा कर्मादाने सांगितली आहेत. त्यांत ‘दंतवाणिज्य’ स्पष्ट आहे. हत्तीच्या सुळ्याचा सुमारे तिसरा हिस्सा कवटीत रुतलेला असतो. जिवंत हत्तीचा अखंड दात हवा, तर प्राणीच मारावा लागतो. व्यापाऱ्याच्या हाती शस्त्र नसते, पण त्याची मागणी शस्त्र चालविते.

तरीही गुजरात-मारवाडात नववधूचा हस्तिदंती चुडा सौभाग्याचा मानला गेला आणि एकोणिसाव्या शतकात झांझिबारहून दात मुंबई बंदरात उतरत राहिले. आफ्रिकी हस्तिदंताच्या व्यापारावर भारतात कायद्याने बंदी आली ती १९९१ साली. श्रावकाला मात्र तिची वाट पाहण्याचे कारण नव्हते. व्रत पूर्वीपासूनच होते.

कैरोतील त्या अनाम कारागिराचे कौशल्य वंदनीयच आहे. फणीवरील करुणामूर्ती पाहताना मात्र, जिचा दात गेला त्या मुक्या जीवाचेही स्मरण व्हावे. आणि घरच्या पेटीत आजीचा चुडा असेल, तर तो मुलांना दाखविताना ही गोष्टही सांगावी.